तालमीतून जिउ-जित्सूच्या मॅटवर येताना

चार-पाच वर्षं कुस्ती किंवा ज्युदो केलेला माणूस ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात आला की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास घडतात. तो जवळजवळ सगळ्यांना खाली पाडतो, आणि खाली पाडलेल्यांपैकी निम्मे त्याचा गळा आवळतात किंवा हात धरतात. तिथून मग दोन वाटा फुटतात. काहीजण ‘झोपून कसली आली लढत’ म्हणत परत तालमीत जातात. काहीजण नेमकं काय चुकतंय ते शोधायला लागतात. हे लिखाण या दुसऱ्या गटासाठी आहे.

पुण्यात अशी माणसं बरीच सापडतात. पेठांमध्ये चिंचेची तालीम, नगरकर तालीम यांसारखी जुनी घराणी आहेत, कात्रजला मामासाहेब मोहोळांच्या नावाचं कुस्ती संकुल आहे, आणि ज्युदो-कराटेचे वर्ग तर शाळाशाळांतून चालतात. अशा माणसाच्या अंगात ताकद, तोल आणि दम आधीच असतो. अडचण येते ती हाडीमाशी मुरलेल्या सवयींची. त्या सवयी त्याच्या मूळ खेळात अगदी बरोबर असतात. नियम बदलले की त्यांचं मोल बदलतं, एवढंच.

कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. जिउ-जित्सूत पाठ टेकण्याला काहीच किंमत नाही. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत खाली पाडण्याचे 2 गुण, खालून उलटवून वर येण्याचे म्हणजे स्वीपचे 2, पोटावर गुडघा ठेवण्याचे 2, समोरच्याच्या पायांचा अडसर पार करण्याचे म्हणजे गार्ड पासचे 3, छातीवर स्वार होण्याचे म्हणजे माउंटचे 4 आणि पाठ घेऊन दोन्ही टाचा मांड्यांच्या आतून अडकवण्याचे 4. प्रत्येक वेळी ती स्थिती 3 सेकंद टिकवावी लागते. हा तक्ता नीट पाहिला तर खेळाचा कल लगेच कळतो. एवढा जीव काढून मारलेल्या पटाचे, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या डावाचे 2, आणि समोरचा घाबरून पोटावर वळला म्हणून आयती मिळालेल्या पाठीचे 4. शिवाय सबमिशन झालं, म्हणजे पकडीत सापडून समोरच्याने हार मानली की गुणफलक विचारात घ्यायचंच कारण उरत नाही.

हा कल आला कुठून, हेही थोडक्यात पाहू. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ज्युदो सुरू केला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा जगभर पैलवानांशी लढत फिरले, 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेंमध्ये स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि ग्रेसी बंधूंनी जमिनीवरच्या भागाला अधिकाधिक वजन दिलं. धिप्पाड माणसाखाली सापडलेला किरकोळ अंगाचा माणूस काय करू शकतो, या एका प्रश्नाभोवती बराचसा खेळ घडला. वर्गात समोरचा आपणहून खाली बसतो, तेव्हा त्याने हार मानलेली नसते. तो तुम्हाला त्याच्या घरात बोलावत असतो.

आता सगळ्यात महाग पडणाऱ्या सवयीबद्दल. पाठ टेकू द्यायची नाही म्हणून कुस्तीगीर पोटावर वळतो, कोपरं आत घेतो आणि मातीला चिकटून बसतो. ही सवय किती पक्की ठरू शकते, ते 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये गामा पैलवान आणि स्टॅनिस्लॉस झ्बिश्को यांच्या लढतीत जगाने पाहिलं. झ्बिश्को बहुतेक वेळ पोटाशी जमीन धरून पडून राहिला, लढत अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. त्या नियमांत ते चाललं. जिउ-जित्सूच्या नियमांत मात्र पोटावर पडलेल्या माणसाच्या पाठीवर समोरचा चढतो, दोन्ही हुक, म्हणजे टाचा आत घालतो, एक हात हनुवटीखालून नेऊन स्वतःच्या दुसऱ्या दंडावर अडकवतो आणि दुसरा तळवा डोक्यामागे ठेवतो. यात दाब येतो तो मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर, त्यामुळे दम कितीही असला तरी उपयोग नाही. चोक नीट बसला तर साधारण दहा सेकंदांच्या आत माणूस बेशुद्ध होतो.

म्हणून पहिला धडा असा की खाली आलात तर समोरच्याकडे तोंड ठेवा. पाठ मॅटवर, कोपरं बरगड्यांशी, गुडघे छातीकडे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण शरीर ऐकत नाही. यावर उपाय एकच, मुद्दाम खालून सुरुवात करणं. सुरुवातीचे तीन महिने रोलिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या वेळी जोडीदाराला स्वच्छ सांगावं, ‘तू माउंटवर बस, तिथून सुरू करू.’ वरून सुरुवात केली की ताकदीवर वेळ मारून नेता येते आणि शिकायचं ते राहून जातं. माझ्या मते पैलवानाने पहिल्या तीन महिन्यांत वर्गात पट मारूच नये. तो विसरला जाणार नाही.

माउंटखालून सुटण्याच्या दोन वाटा आधी शिकायच्या. पहिली ब्रिज, म्हणजे पाय रोवून कंबर वर उचलणं. पैलवानाचा ब्रिज जोरदार असतो, पण तो सरळ वर जातो आणि मानेवर उभा राहतो. सरळ वर गेलेला माणूस परत सरळ खालीच येतो. इथे आधी समोरच्याचा एक हात कोपराच्या वर दंडाशी धरून छातीशी दाबायचा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पायाने बाहेरून अडवायचं, आणि मग त्या बाजूच्या खांद्यावरून तिरपं लोळायचं. हात किंवा पाय यांपैकी एक जरी सुटा राहिला तरी तो तिकडे टेकवून समोरचा तोल सावरतो. लोळल्यावर तुम्ही त्याच्या दोन पायांमध्ये, म्हणजे त्याच्या गार्डमध्ये जाता, ते गृहीतच धरायचं.

दुसरी वाट कोपर-गुडघा एस्केपची, आणि जास्त उपयोगी हीच. समजा डाव्या बाजूने सुटायचंय. डाव्या कुशीवर थोडं वळा. डावा पाय मॅटवर सपाट सोडा, उजवं पाऊल नितंबाजवळ रोवा. डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू त्याच्या उजव्या गुडघ्याच्या आत, उजव्या हाताची त्याच्या कमरेशी. आता उजव्या पायाने मॅट ढकलून कंबर उजवीकडे मागे सरकवा. त्याचा गुडघा आणि तुमचं कोपर यांच्यात फट पडते, तिच्यातून डावा गुडघा सरपटत आत आणायचा. गुडघा आत आला की उजव्या पायाने त्याचा पाय वरून अडकवून हाफ गार्ड घ्या, किंवा कूस बदलून दुसरा गुडघाही आत ओढा.

यात तीन ठिकाणी गाडी अडते. डावा गुडघा उभा राहिला तर तो त्याच्या पायाखालून जाऊच शकत नाही, म्हणून तो पाय मॅटला चिकटलेला हवा. हात सरळ करून त्याची छाती वर ढकलली तर त्याला आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणण्याचा लॉक ताटात वाढून मिळतो. आणि तिसरं, ताकदवान माणसाला समोरचा उचलायचा असतो, तर इथे तो जागच्या जागी राहतो आणि आपण त्याच्याखालून सरकतो. वर्गाआधी मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत श्रिंप करत जातात ती हीच हालचाल. पैलवान मंडळी ती वॉर्म-अप समजून उरकतात. तीच सावकाश, प्रत्येक वेळी कंबर पूर्ण बाहेर काढून करावी.

पटाबद्दल. एकेरी पट, दुहेरी पट हे पैलवानाचं सोनं आहे, पण गळ्याला गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून आवळण्याची पकड लागू नये म्हणून त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. दुहेरी पटात डोकं समोरच्याच्या कमरेच्या बाहेर जातं, मान वाकलेली असते आणि पाडल्यावर दोघे खाली गेले की गळा त्याच्या काखेत असतो. तालमीत त्याची पाठ टेकली की काम झालं. इथे तो पाठीवर पडता पडता पाय तुमच्या कमरेभोवती बांधतो आणि गळा वर ओढतो. म्हणून आधी एकेरी पटावर भर द्या. डोकं आतल्या बाजूला, कान त्याच्या छातीला चिकटलेला, नजर वर, पाठ सरळ. पाडल्यावर क्षणभरही थांबू नका.

तरीही गळा सापडलाच तर? समजा तुमचं डोकं त्याच्या उजव्या काखेत आहे. डाव्या हाताने गळ्याखालचं त्याचं मनगट पकडून खाली ओढा, हे सगळ्यात आधी. उजवा हात त्याच्या डाव्या खांद्यावरून मागे टाका. मग डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या विरुद्ध, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला पाय न्या आणि उजवा खांदा त्याच्या गळ्यावर दाबा. घाबरून डोकं मागे उपसलं की पकड आणखी घट्ट होते, आणि नवीन माणूस नेमकं तेच करतो.

समोरच्याच्या बंद गार्डमध्ये, म्हणजे त्याने पाय तुमच्या कमरेमागे अडकवलेले असताना तळवे मॅटवर टेकायचे नाहीत, हा आणखी एक कडक नियम. टेकलेला हात म्हणजे किमुरा (हात पिरगाळून खांद्यावर ताण देणारी पकड) किंवा आर्मबार. गी, म्हणजे जाड कापडाचा पोशाख घातला असेल तर एका हाताने त्याच्या दोन्ही लॅपल (गळ्याच्या पट्ट्या) छातीपाशी एकत्र मुठीत धरा, दुसरा हात कमरेशी, पाठ ताठ, कोपरं आत. दोन्ही हात त्याच्या पायांच्या आत तरी हवेत किंवा दोन्ही बाहेर तरी. एक आत आणि एक बाहेर राहिला की ट्रँगल बसतो, म्हणजे तुमची मान आणि एक हात त्याच्या पायांत आवळला जातो. गार्ड उघडायला उभं राहणं हा पैलवानासाठी सगळ्यात सोपा मार्ग. ज्या बाजूचा पाय आधी उचलणार, त्या बाजूची त्याची बाही आधी धरून ठेवा, नाहीतर तो त्या पायाखाली हात घालून उलटवतो. उभं राहून कंबर पुढे, मग एक हात त्याच्या गुडघ्यावर दाबून पाय उघडायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण यात माणसं जखमी होतात. गार्डमध्ये किंवा ट्रँगलमध्ये अडकलेल्या माणसाला उचलून आपटणं हा या खेळात गुन्हा आहे. स्पर्धेत थेट बाद करतात, आणि खाली असणाऱ्याच्या मानेला व मणक्याला खरी इजा होते. उभ्या लढतीत उचलून पाडणं चालतं, आपटून सुटका करून घेणं चालत नाही. धोबीपछाड, ढाक यांसारखे डाव नवख्या जोडीदारावर वर्गात पूर्ण जोराने मारू नयेत. त्याला पडायचं कसं तेच अजून माहीत नसतं. शिवाय धोबीपछाडीत आपण त्याच्याकडे पाठ करतो, आणि डाव फसला की तो पाठीला चिकटलेला उरतो.

पैलवानाला आयतं काय मिळतं? पुष्कळ. वरून वजन टाकण्याची जाण बाकीच्यांना यायला वर्षं लागतात, ती तुमच्याकडे असते. नो-गी, म्हणजे गी न घालता खेळताना समोरच्याच्या कमरेमागे दोन्ही हात बांधायचे, डोकं त्याच्या छातीत रुतवायचं, कंबर खाली ठेवायची आणि एकेक पाय ओलांडत बाजूला यायचं, हा बॉडी लॉक पास पैलवानाच्या अंगाला लगेच बसतो. पाठ घेण्याचंही तसंच आहे, सवारीतला पाय आत घालणं माहीत असतंच. फक्त समोरच्याच्या पोटावर स्वतःचे घोटे एकमेकांवर अडकवू नका. त्याचे गुण मिळत नाहीत आणि तो तिथेच घोट्याला लॉक लावतो.

मल्लखांब केलेल्यांसाठी तर हा खेळ फारच जवळचा आहे. लाकडाला मांड्यांनी अढी घालायची सवय असलेल्याचा बंद गार्ड उघडणं भल्याभल्यांना जड जातं. पुण्यात 1924 पासून महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांनी हा व्यायाम जपलाय, आणि त्या मैदानांवरच्या मुलांनी जिउ-जित्सूकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे ताणलेल्या अवस्थेत ताकद लावण्याची क्षमता असते, आणि गार्डमध्ये नेमकी तीच लागते.

ज्युदोवाल्यांचं वेगळं आहे. गीवरची पकड आणि तोल मोडणं त्यांना येतं. पण 2010 नंतर आंतरराष्ट्रीय ज्युदोत पाय धरण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली, त्यामुळे त्यानंतर शिकलेल्यांचा पटाविरुद्धचा बचाव कच्चा असतो. पाठ वळवून मारायची फेक अर्धवट राहिली की समोरचा पाठीवर चिकटतो. केसा-गातामेत, म्हणजे मान आणि हात धरून बाजूने दाबून ठेवण्याच्या पकडीत, त्याने कोपर सोडवलं की तीच गत. आणि ज्युदोत पंच लवकर उभं करतात म्हणून थोडा वेळ घट्ट धरून काढण्याची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही. कराटे, तायक्वांदोवाल्यांना जमिनीवर जवळजवळ शून्यापासून सुरू करावं लागतं, पण मोडायची सवय कमी असल्यामुळे ते पुष्कळदा पैलवानापेक्षा लवकर गार्ड शिकतात.

टॅप करण्याबद्दल, म्हणजे थाप मारून हार मान्य करण्याबद्दल तालमीच्या माणसाशी स्पष्ट बोलावं लागतं. 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर मासाहिको किमुरा यांनी एलिओ ग्रेसी यांचा हात पिरगाळला. एलिओंनी टॅप केला नाही, हात मोडला, शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. ती पकड आज किमुरा नावाने ओळखली जाते. ती एक गाजलेली लढत होती. मंगळवारच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये त्याची नक्कल करू नये. आर्मबारमध्ये इजेच्या आधी बहुधा वेदना येते, तेव्हा थोडा अवधी असतो. हील हूकमध्ये, म्हणजे टाच धरून पाय पिरगाळण्याच्या लॉकमध्ये वेदना उशिरा येते आणि तोवर गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असतं. म्हणूनच आयबीजेजेएफच्या स्पर्धांत पांढऱ्या पट्ट्याला हील हूक, टो होल्ड (पाऊल पिरगाळणं), नी बार (गुडघा उलटा ताणणं) आणि मनगटाचे लॉक बंद आहेत, सरळ घोट्याचा लॉक तेवढा चालतो. टॅप जोडीदाराच्या अंगावर करा, म्हणजे त्याला जाणवेल. हात अडकले असतील तर तोंडाने मोठ्याने ‘टॅप’ म्हणा.

वर्ग निवडताना तालमीत विचारतो तेच विचारावं, वस्ताद कोण? इथल्या शिक्षकाला पट्टा कुणी दिला, हे तो सहज सांगू शकला पाहिजे. कोथरूड असो, बाणेर असो की विमाननगर, आधी एक बॅच बाजूला बसून पाहा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जुन्यांच्या तोंडी देतात का? टॅप झाल्यावर पकड लगेच सुटते का? दोन बॅचच्या मध्ये मॅट जंतुनाशकाने पुसतात का? घरापासून लांबचा चांगला वर्ग आणि जवळचा बरा वर्ग यांत मी जवळचा बरा वर्ग निवडायला सांगेन. संध्याकाळी सातला विद्यापीठ चौकातून किंवा नगर रस्त्याने रोज जाणं फार दिवस जमत नाही. आठवड्याला तीन दिवस जिउ-जित्सू आणि दोन दिवस तालमीतली मेहनत, एवढं शरीराला पेलतं. त्याहून जास्त केलं की आधी बोटांचे सांधे कुरकुरतात, मग मान. जोर-बैठका आणि दोर चढणं सोडू नका.

गीचं म्हणाल तर ज्युदोची असेल तर सुरुवातीला चालते, पण तिच्या बाह्या रुंद आणि खालचा घेर लांब असतो, त्यामुळे समोरच्याला पकडायला जास्त कापड मिळतं. नवीन घेताना ए1, ए2 अशा मापात उंची आणि वजन दोन्ही पाहून घ्या, आणि ती सुती असल्याने थोडी आटणार हे धरून चाला. गरम पाण्यात कधीही धुवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर जाड विणीची गी एका दिवसात वाळत नाही, म्हणून दोन तरी हव्यात, आणि पावसाळ्यासाठी हलक्या विणीची घेतलेली बरी. घरी आल्या आल्या धुवा, उलटी करून पंख्याखाली टाका. पट्टाही धुवा. पट्टा न धुण्याची पद्धत निव्वळ अस्वच्छ आहे.

ओलसर गी आणि अंगाला अंग घासणं यातून पावसाळ्यात गजकर्ण पसरतं. गोल, कडेने लालसर, खाज येणारा चट्टा दिसला की मॅटवर जायचं नाही आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. औषधाच्या दुकानात मागितल्यावर मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, चट्टा फिका पडतो, आणि आत बुरशी आणखी फोफावते. पुढे तीच महिनोन्महिने हटत नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. पू धरलेला फोड असेल तर तो झाकूनही मॅटवर येऊ नका. नखं कापलेली, मॅटबाहेर पायात चप्पल, आणि वर्ग संपल्यावर लगेच अंघोळ, यात सवलत नाही.

पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. निळ्यासाठी किमान वय 16, आणि आयबीजेजेएफच्या नियमाप्रमाणे निळ्यावर किमान 2 वर्षं, जांभळ्यावर दीड वर्ष, तपकिरीवर 1 वर्ष. प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच लागतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर सहा महिन्यांनी उतरावं, आणि फॉर्ममध्ये पूर्वीच्या कुस्ती-ज्युदोचा अनुभव विचारला असेल तर खरा लिहावा.

वजनाच्या बाबतीत कुस्तीची गणितं इथे चालवू नका. आयबीजेजेएफच्या स्पर्धेत पहिल्या लढतीच्या अगदी आधी, अंगावर गी असतानाच वजन करतात. पाणी तोडून दोन-तीन किलो उतरवले तर ते भरून काढायला वेळच मिळत नाही, आणि प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची लढत सलग 5 मिनिटांची असते. गीसकट 76 किलोपर्यंत लाइट, 82.3 पर्यंत मिडल. गी भिजलेली नसताना तिच्यासकट घरच्या काट्यावर महिनाभर आधी वजन करा, आणि 77 भरत असाल तर मिडलमध्ये नाव द्या.